नाणेपेटी : लिलावातलं नाणं आणि हातातलं नाणं

दिवाळी झाली की दरवर्षी असंच होतं. लक्ष्मीपूजनाला जुना चांदीचा रुपया हवा म्हणून लोक मोबाइलवर शोधायला लागतात, त्यातून एखाद्याला लिलावाची गोडी लागते, आणि मार्गशीर्षात माझ्याकडे पत्रं येतात. या वेळी तर टपालात दुसरं काही नव्हतंच म्हणा. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून ही पत्रं एकत्र घेतो. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की माझं आयुष्य जालन्याच्या सराफ्यात गेलं. आता गादीवर मुलगा बसतो. माझ्याकडे भिंग, एक बारीक काटा आणि भरपूर वेळ आहे.

काका, एका ऑनलाइन लिलावात सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया घेतला. बोली लावत लावत साडेअठरा हजारांवर गेलो. नाणं दिसायला झकास आहे. गल्लीतल्या सोनाराच्या काट्यावर १०.९ ग्रॅम भरलं. विक्रेत्याला विचारलं तर म्हणतो, 'ऐंशी वर्षांचं नाणं आहे, झिजणारच.' मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही फसलात. दोन्ही बाजूंचे फोटो पाठवत आहे.
*– एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई*

गुरुजी, मुलगा बरोबर बोलतोय.

इंग्रजांचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. विक्रेत्याचं निम्मं खरं आहे, नाणं झिजतं. पण झिजतं ते आधी तोंडावर. पाऊण ग्रॅम चांदी गेलेल्या रुपयावर राजाचा कान सापडत नाही, मुकुट नुसता फुगवटा राहतो. तुमच्या फोटोत मुकुटाचे मोती सुटे सुटे मोजता येतात. नक्षी कोरी आणि वजन मात्र म्हाताऱ्या नाण्याचं, हे एका नाण्यात एकत्र नांदत नाही.

आता दुसरी परीक्षा. ही घरी करता येते आणि नाण्याला ओरखडाही येत नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा घ्या. त्यावर प्लास्टिकचा हलका पेला ठेवा, अर्धा पाण्याने भरा आणि काटा शून्यावर आणा. नाण्याला शिवणाचा बारीक दोरा बांधा. दोरा हातात धरून नाणं पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले असतील तर हलकेच झटका. आता काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. जुन्या रुपयात चांदी साधारण ९१.७ टक्के, त्यामुळे भागाकार १०.३ च्या आसपास आला पाहिजे. पूर्ण वजनाच्या रुपयाला काटा १.१३ दाखवतो. नाणं झिजलं तरी भागाकार बदलत नाही, ही या परीक्षेची खुबी. फोटोतला पिवळट करडा रंग पाहता तुमच्या नाण्याचा भागाकार पावणेनऊच्या आत येईल असा माझा होरा आहे. म्हणजे नाणं जर्मन सिल्व्हरचं असावं. नावात सिल्व्हर असलं तरी त्या धातूत चांदीचा कणही नसतो.

हीच परीक्षा कोणी १९४० नंतरच्या रुपयावर करील आणि घाबरून मला पत्र लिहील, म्हणून आत्ताच सांगतो. १९४० पासून सरकारने चांदी निम्म्यावर आणली. त्या रुपयाचा भागाकार साडेनऊच्या आसपास येतो. तो खोटा नाही, गरीब आहे. आणि १९४७ चा वाघाचा रुपया तर निकेलचा, तो लोहचुंबकाला चिकटतो आणि चिकटलाच पाहिजे. 'चुंबकाला चिकटलं की खोटं' हा नियम सरसकट लावणाऱ्यांनी चांगले रुपये परत पाठवलेले मी पाहिलेत.

तिसरी गोष्ट भिंगाखालची. १९३९ चा रुपया फार थोडा बाहेर आला, म्हणून त्याला भाव आहे. आधीच्या साली १९३८ चा रुपया मात्र सहज मिळतो. आठाचा नऊ करणं हे कोरीव काम येणाऱ्याला अवघड नाही. म्हणून १९३९ पाहताना आधी सालातले दोन्ही नऊ एकमेकांशी ताडून पाहावेत. पोट, शेपटी, जाडी, सगळं एका हाताचं दिसलं पाहिजे. शेवटच्या नऊभोवतीची जमीन इतर जागेपेक्षा खडबडीत किंवा जास्त गुळगुळीत असेल तर तिथे हत्यार फिरलंय. तुमच्या नाण्यात मात्र नऊ अगदी जुळे आहेत. म्हणजे कुणी आकडा बदललेला नाही, अख्खं नाणंच साच्यातून काढलंय.

हे मी कशावरून म्हणतो? राजाच्या मानेवर, बरोबर कापलेल्या कडेच्या वर, तिरपा खरचटा आहे, आणि त्याच्या टोकाला मोहरीएवढा खड्डा. तुमचं पत्र आलं त्या रात्री मी लिलावांच्या पानांवर १९३९ शोधत बसलो. दुसऱ्या राज्यातला, दुसऱ्या नावाचा विक्रेता, आणि त्याच्या १९३९ वर तोच खरचटा, तोच खड्डा. टाकसाळीतून निघालेली दोन नाणी ठशाने सारखी असतात. खिशातल्या किल्लीने पडलेला ओरखडा दोघांवर एकाच जागी कसा पडेल? मूळ एक खरं नाणं घेतलं, त्याचा साचा केला, आणि त्या खऱ्या नाण्याची जखम सगळ्या ओतीव पिल्लांवर उतरली. साडेअठरा हजार कशाचे दिले, याचं उत्तर त्या खड्ड्यात आहे. पुढचा प्रश्न आणि उत्तर नीट वाचा. तुम्हाला तेच करायचंय, आणि आजच.

सर, सातव्या निजामाची पाव अश्रफी, सोन्याची, लिलावात ९ हजारांना मिळाली. घरी आल्यावर सोनाराने दगडाला लावली तर पितळ. विक्रेत्याने मला ब्लॉक केलं. वेबसाइटवाले म्हणतात परत करण्याची मुदत संपली. पोलीस स्टेशनला गेलो तर 'नाण्याचं काय घेऊन आलात' म्हणाले. आता काय करू?
*– एक वाचक, किनवट*

भाऊ, आधी थोडं रागावतो. पाव अश्रफी म्हणजे पावणेतीन ग्रॅमच्या वरचं नाणं, त्यात ९१ टक्के सोनं. एवढं सोनं नऊ हजारांत कोण देईल? वितळवून विकलं तरी त्याला जास्त मिळाले असते. स्वस्ताईत सोनं कधीच येत नाही, हे सराफ्यातलं पोरगंही जाणतं. रागावून झालं.

आता काम. पैसे कसे गेले? यूपीआय, कार्ड, नाहीतर बँक ट्रान्सफर. फसवणूक लक्षात आल्या क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा असतो. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकण्याआधी कळवलं तर ते गोठवता येतात. उशीर झाला तरी फोन करा, आणि राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार नोंदवा. तिथे मिळालेला तक्रार क्रमांक घेऊन पोलीस स्टेशनला पुन्हा जा. 'खोटं नाणं मिळालं' असं तोंडी सांगू नका. चलनातल्या नाण्याची बनावट हा वेगळा विषय आहे आणि ठाणे अंमलदार तिथेच अडकतो. लेखी अर्जात लिहा की सोन्याचं नाणं म्हणून पैसे घेतले, पितळ पाठवलं, फसवणूक झाली. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. शिक्का मिळाल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, हे मी सरकारी कचेऱ्यांत शिकलो.

लिलावाच्या वेबसाइटला सोडू नका. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार प्रत्येक वेबसाइटला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर जाहीर करावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात, असं नियम सांगतो. परत करण्याची मुदत 'नाणं आवडलं नाही' म्हणणाऱ्यासाठी आहे, बनावट वस्तू तिच्या आड लपत नाही. त्या अधिकाऱ्याकडून हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्याच्या पुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यापासून तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, विक्रेता कोलकात्याचा असो की कानपूरचा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची.

तक्रारीत काय लिहायचं, हे सगळ्यांनाच सांगतो, कारण माझ्याकडे लोक नमुना म्हणून पाठवतात त्या तक्रारी वाचून डोकं धरावं लागतं. चार पानं, त्यात विक्रेता कसा हलकट आहे, आईच्या औषधाचे पैसे कसे होते, आणि नाण्याचं वजन कुठेच नाही. तक्रार वाचणाऱ्याला नाण्यांतलं काही कळत नाही असं धरून चला. साधं लिहा:

'अमुक तारखेला अमुक क्रमांकाच्या लिलावात हे नाणं सोन्याचं म्हणून विकलं. मूळ नाण्याचं वजन एवढं असतं, मिळालेल्या नाण्याचं वजन एवढं आहे. सराफाने तपासून पितळ असल्याची चिठ्ठी दिली, ती जोडली आहे. काट्यावरचा, कडेचा आणि दोन्ही बाजूंचे फोटो जोडले आहेत. पूर्ण पैसे परत मिळावेत आणि हा माल विक्रीतून काढावा.'

बस. शेवटचं वाक्य विसरू नका. नाहीतर तुमचे पैसे परत करून तोच माल परभणीच्या कोणाला तरी विकायला तो मोकळा राहतो.

विक्रेत्याचं पान उघडलं की लगेच सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या: वर्णन, फोटो, किंमत, त्याचं नाव, तुमच्यातलं बोलणं. तक्रार गेल्यावर ते पान गायब होतं. पुढच्या वेळी पार्सल उघडताना पत्त्याची चिठ्ठी दिसेल असा सलग व्हिडिओ काढा, नाहीतर 'तुम्हीच नाणं बदललं' हे ऐकावं लागतं. 'वेबसाइटवर तक्रार मागे घ्या, मी थेट तुमच्या खात्यात पैसे टाकतो' असं कोणी म्हणालं तर आधी पैसे हातात, मगच तक्रार मागे. आणि नाणं परत मागितलं तर वेबसाइटच्या लेखी सूचनेशिवाय पाठवायचं नाही. तुमचा सगळ्यात मोठा पुरावा तेच पितळ आहे.

अजून एक. नाण्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या विक्रेत्याला 'चोर' म्हणून नाव, फोटो, फोन नंबर फिरवू नका. उलटी नोटीस येते. नाणं काय निघालं, वजन किती भरलं, एवढंच टाका. जाणकार मंडळी दोन ओळींत समजतात.

काका, नदीपात्रात सापडलेली म्हणून सातवाहनांची चांदीची नाणी, राजाच्या चेहऱ्याची, एक जण लिलावात प्रत्येकी १५०० रुपयांना विकतोय. पत्ता पैठणचाच टाकलाय. घेऊ का? आणि मला स्वतःला गोदावरीकाठी एक शिशाचं नाणं सापडलंय, ते परदेशी वेबसाइटवर टाकता येईल का? मित्र म्हणतो डॉलर मिळतील.
*– एक विद्यार्थी, पैठण*

बाळा, मित्राचं ऐकू नको. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांवरचं नाणं पुरावशेष ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. डॉलर बाजूलाच राहतील, पार्सल कस्टममध्ये अडकलं की तू आत आणि नाणंही आत. देशातही असा व्यापार करायचा तर परवाना लागतो. सापडलेल्या नाण्याचं म्हणशील तर तहसील कार्यालयात लेखी कळव. जमिनीत दडलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, हा कायदा १८७८ पासून आहे आणि त्यातली मर्यादा फक्त दहा रुपयांची आहे. सापडणाऱ्याचा वाटाही त्यात लिहिलाय, त्यामुळे लपवण्यात फायदा नाही. कुठे, किती खोल, सोबत खापरं होती का, हे तुझ्या वहीत आजच लिहून ठेव. अभ्यासकाला नाण्याइतकीच ती माहिती हवी असते.

आता त्या १५०० वाल्याचं. सातवाहनांची रोजची नाणी शिशाची, पोटीनची (तांबं, शिसं, कथील यांचं मिश्रण), तांब्याची. पैठण, तेर, भोकरदन इथं लोकांना सापडतात ती बहुतेक हीच. चेहऱ्याची चांदीची नाणी मोजक्या राजांची: गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र पुळुमावी, यज्ञ सातकर्णी. ती लहान, साधारण दोन ग्रॅमची, चेहऱ्याभोवती ब्राह्मी अक्षरं. अशी नाणी एका माणसाकडे डझनावारी, सगळ्यांचा चेहरा बरोबर मधोमध, एकाचंही अक्षर कडेला तुटलेलं नाही? हाताने ठोकलेल्या नाण्याचा ठसा हमखास थोडा सरकतो. प्रत्येक नाण्यावर वेगळीकडे सरकतो.

चांदीची म्हटली की सगळ्यांना जोगळटेंभीचा साठा आठवतो. नाशिक जिल्ह्यात १९०६ साली तेरा हजारांवर नाणी मिळाली. ती मुळात क्षत्रप नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला. नहपानाच्या चेहऱ्यावरून चैत्याची, म्हणजे कमानींच्या टेकडीसारखी खूण उमटलेली ती नाणी भिंगाखाली पाहिली की खरी ठोक कशी असते ते कळतं. खालची रेघ वरच्या ठशाखाली चेपलेली दिसते, पुसलेली नाही. ओतीव नकलेत दोन्ही ठसे एकाच उंचीवर, मऊ मऊ, साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारखे. विकत घेण्याआधी एस.टी.ने तेरला जा. रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय आहे तिथे. काचेआडून का होईना, खऱ्या जुन्या वस्तूंवर दोन तास डोळा बसव. मोबाइलवर पाहून डोळा तयार होत नाही.

नमस्कार. वडिलांच्या पेटीत चारमिनारचे ४० रुपये निघाले. नातवाने लिलावात टाकले तर एक जण लिहितो, 'वजन ११.१८ ग्रॅम म्हणजे रुपया नकली, पण मी वितळवण्यासाठी घेतो.' वडील निजामाच्या काळात देशमुखांकडे कारकून होते. ते खोटी नाणी ठेवतील असं वाटत नाही. मनाला लागलं.
*– एक शेतकरी, जिंतूर*

आबा, मनाला लावून घेऊ नका. वडिलांचे रुपये खरे आहेत, आणि तो लिहिणारा एक तर अडाणी आहे नाहीतर फार हुशार.

११.६६ ग्रॅम हे कलदाराचं, म्हणजे इंग्रजी रुपयाचं वजन. तुमच्याकडे आहे तो हाली, म्हणजे निजामाचा रुपया. त्याचं वजनच ११.१८ ग्रॅम आणि चांदी ८१.८ टक्के. म्हणून तर आपल्याकडे सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब चालायचा. माझे वडील दोन वेगवेगळ्या पिशव्या ठेवत. शेतसारा हालीत, मुंबईचा माल कलदारात. ज्याला हे ठाऊक नाही त्याने निजामाची नाणी तपासायला बसू नये. वर सांगितलेली पाण्याची परीक्षा करायची असेल तर हालीचा भागाकार १०.२ च्या जवळ येतो.

चारमिनारच्या मधल्या कमानीत एक उर्दू अक्षर दिसेल. 'मीम' असेल तर सहावा निजाम महबूब अली खान, 'ऐन' असेल तर १९११ नंतरचा, उस्मान अली खान. नातवाला सांगा की चाळीस रुपये एका गठ्ठ्यात टाकू नको. प्रत्येकावरचं हिजरी साल वाचून वेगळं लिही, वजन लिही, कडेचा फोटो टाक. ओळखणारा गिऱ्हाईक आपोआप येतो. आणि 'वितळवण्यासाठी' मागणाऱ्याला उत्तर देऊ नका. खऱ्या नाण्याला नकली ठरवून भाव पाडणं हाही याच बाजाराचा धंदा आहे. त्याचा मजकूर स्क्रीनशॉटसह वेबसाइटला कळवा. बोगस विक्रेत्याची तक्रार होते, तशी बोगस गिऱ्हाइकाचीही होते.

एक नाणं आहे. एका बाजूला राम, लक्ष्मण, सीता, हनुमान. दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा, १८१८. एकाने फोनवर १२ लाख सांगितले. आधी २,५०० रुपये नोंदणी फी भरायची आहे.
*– माजलगाव*

भरू नका.

कंपनीने मद्रासेकडे पगोडा नावाच्या काही सोन्याच्या नाण्यांवर देव छापले होते हे खरं, पण राम दरबाराचा अर्धा आणा कंपनीच्या कुठल्याच टाकसाळीत पडला नाही. हे जत्रेतलं नाणं आहे. देवघरात ठेवा, तिथे शोभतं. ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट, वैष्णोदेवीचं नाणं, तांदूळ ओढणारं नाणं, सगळी एकाच माळेतली. वैष्णोदेवीचं नाणं तरी सरकारनेच २०१२ मध्ये काढलेलं, खरं आहे, फक्त लाखाचं नाही. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला जाहीर सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही आणि त्यासाठी फी किंवा कमिशन मागत नाही. बँकेचं नाव घेऊन फोन आला असेल तर तो नंबर १९३० ला कळवा.

सासूबाईंच्या पुतळ्यांच्या माळेतल्या तीन पुतळ्या सुट्या झाल्यात. सोनार म्हणाला सोनं चोख आहे, पण अक्षरं बोगस आहेत. भाचा म्हणतो 'व्हेनिसचं तीनशे वर्षांपूर्वीचं नाणं' म्हणून लिलावात टाकू. टाकावं का?
*– एक भगिनी, गेवराई*

ताई, सोनार आणि भाचा दोघंही अर्धं अर्धं बरोबर आहेत. व्हेनिसचं डुकाट नाणं साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोन्याचं. त्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला सत्ताप्रमुख, डोज. व्यापारातून ते इथे आलं, आपल्या बायकांनी त्यात राम-सीता पाहिली आणि गळ्यात घातलं. मागणी इतकी वाढली की इथल्याच सोनारांनी तशीच नाणी पाडायला घेतली. लॅटिन वाचता येत नसल्यामुळे अक्षरांच्या जागी नुसत्या काड्या उमटल्या. तुमच्या फोटोतल्या पुतळ्या त्या घरच्या आहेत.

त्या काळच्या नकलेला आज संग्राहक वेगळा मान देतात. आपल्या दौलताबादला महंमद तुघलकाने चांदीच्या टंक्याऐवजी पितळ-तांब्याची नाणी काढली तेव्हा लोकांनी घरोघर तीच पाडली आणि सुलतानाला ती खरी चांदी देऊन परत घ्यावी लागली. आज त्या नाण्यांतलं टाकसाळीचं कुठलं आणि घरचं कुठलं, यावर जाणकार वाद घालतात. सातशे वर्षांत खोट्यालाही इतिहास आला. मागच्या महिन्यात ओतलेल्याला मात्र तो नाही.

तेव्हा पुतळ्या टाकायच्या तर 'व्हेनिसच्या नाण्याची भारतीय नक्कल, पुतळी, दागिन्यातून सुटलेली, वजन इतकं, कडी लावल्याची खूण आहे' असं लिहा. भाव थोडा कमी येईल. 'व्हेनिसचं' म्हणून टाकलं आणि घेणाऱ्याने दोन आठवड्यांनी तक्रार केली, तर वरच्या किनवटच्या भावाने जे जे करायचं ते सगळं तो तुमच्याविरुद्ध करील, आणि त्याचं चुकणार नाही. माझं विचाराल तर तिन्ही पुतळ्या परत माळेत ओवा. सासूबाईंना विचारलंत का?

लिलावात फसून आलेला व्हिक्टोरियाचा रुपया माझ्याकडे पडून आहे. पैसे परत मिळाले, विक्रेत्याने नाणं परत मागितलं नाही. 'जसं आहे तसं, खात्री नाही' असं लिहून मी तो विकला तर चालेल का? आणि १८६२ चा रुपया दुर्मिळ असतो ना?
*– एक व्यापारी, लातूर*

शेठ, उलट्या क्रमाने. १८६२ हे साल टाकसाळीने १८७४ पर्यंत तसंच चालवलं, त्यामुळे १८६२ चे रुपये पोत्याने आहेत. सालाखाली आणि वरच्या नक्षीत ठिपके असतात, त्यांच्या संख्येवरून खरं वर्ष ओळखायचं. दुर्मिळ असतील तर त्यातले काही ठिपके, साल नव्हे. ठिपके आधी मोजा, भाव नंतर विचारा.

पहिल्याचं उत्तर, नाही चालणार. 'खात्री नाही' हे शब्द ज्याला खरंच माहीत नाही त्याचे. तुम्हाला माहीत आहे, आणि तुमच्या तक्रारीत ते लेखी आहे. त्या रुपयाच्या कडेवर, दातेऱ्या रेघांच्या मधे, पक्क्या शाईने 'नक्कल' लिहिलंत तरी पुढचा माणूस स्पिरिटने पुसेल. लोखंडी ठशाने खोल खूण मारून घ्या, नाहीतर मधोमध भोक पाडा. मग दुकानात ठेवा, पोरांना खऱ्या रुपयाशेजारी ठेवून दाखवायला. आमच्या गल्ल्याखाली अशी एक डबी आहे. नवा नोकर आला की पहिल्या आठवड्यात मुलगा ती त्याच्यापुढे ओततो आणि एका खऱ्या रुपयासकट सगळी मिसळून म्हणतो, शोध. भोकं मेणाने बुजवलेली असतात.